धावणाऱ्या शब्दाच्या मागोमाग

पुणे

चि. मृणाल हिस,


'रन' या एवढ्याशा शब्दासमोर तू वहीचं पान भरून मराठी अर्थ लिहून काढलेस. दुसऱ्याच दिवशी वाचलेल्या गोष्टीत तो शब्द आला आणि त्या पानावरचा एकही अर्थ त्याला जुळेना. म्हणून तू विचारलंस की यातले नक्की कोणते अर्थ पाठ करू. एकही करू नकोस. एवढं उत्तर पोस्टकार्डावर मावलं असतं, पण तेवढ्याने तुला पटायचं नाही, आणि या शब्दाबद्दल मला सांगायचंही बरंच आहे. वर्तमानपत्राच्या कचेरीत माझी उमेदीची वर्षं इंग्रजी तारांचं मराठी करण्यात गेली. रात्रपाळीला टेलिप्रिंटरवरून येणाऱ्या बातम्यांत लांबलचक, भारदस्त शब्दांनी फारसं अडवलं नाही. ते कोशात सापडायचे आणि एकदा सापडले की कायमचे हाती यायचे. पेन थांबायचं ते रन, सेट, पुट, गेट, टेक, टर्न असल्या शब्दांपाशी.

या शब्दाचा पसारा केवढा आहे ते आधी बघ. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाचं काम जेम्स मरी यांनी १८७९ मध्ये अंगावर घेतलं, तेव्हा दहा वर्षांत ते पुरं होईल असा अंदाज होता. पाच वर्षांनी, १८८४ मध्ये, पहिला भाग निघाला आणि तो 'ए'पासून 'अँट'पर्यंत, म्हणजे मुंगीपर्यंत, पोचला होता. मरी १९१५ मध्ये वारले. कोश पुरा झाला १९२८ मध्ये. हा कोश करण्याची रीत तुला मुद्दाम सांगतो, कारण तुझ्या वहीतल्या अडचणीचं उत्तर तिच्यात आहे. देशोदेशीचे वाचक पुस्तकं वाचता वाचता एखादा शब्द टिपायचे आणि तो ज्या वाक्यात आला ते अख्खं वाक्य, पुस्तकाचं नाव आणि साल एका चिठ्ठीवर लिहून पाठवायचे. मरींच्या बागेत पत्र्याची एक खोली होती. तिथल्या खणांत अशा लाखो चिठ्ठ्या साठल्या. संपादक मंडळी एका शब्दाच्या चिठ्ठ्या पुढ्यात घेऊन बसायची आणि वाक्यं वाचून त्यांचे गठ्ठे लावायची. हे वाक्य त्या वाक्यासारखं आहे, हे मात्र वेगळं पडतं, याचा गठ्ठा निराळा करू. अर्थ लिहायची वेळ त्यानंतर यायची. म्हणजे आधी वाक्य, मग अर्थ. तू वहीत नेमकं उलट केलंस.

त्या कोशात फार वर्षं सगळ्यांत लांब नोंद होती 'सेट' या शब्दाची. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत तिने सुमारे ६०,००० शब्दांची जागा घेतली होती. नव्या आवृत्तीसाठी सगळ्या नोंदी पुन्हा तपासायला घेतल्या तेव्हा 'रन' पुढे गेला. पीटर गिलिव्हर नावाच्या संपादकाने या एका शब्दावर नऊ महिने घालवले आणि २०११ मध्ये त्या नोंदीत ६४५ अर्थ भरले, तेही फक्त क्रियापदाचे. 'सेट' हा वस्तू जागच्या जागी ठेवण्याचा शब्द, तर 'रन' हलत्या गोष्टींचा, आणि यंत्रयुगाने जगात हलणाऱ्या गोष्टी वाढवल्या म्हणून 'रन' पुढे गेला, असं सायमन विंचेस्टर यांनी तेव्हा लिहिलं. मला हे पटतं, पण अर्धंच. यंत्रं येण्याच्या हजार वर्षं आधीपासून या शब्दाच्या पोटात एक दुसरी गोष्ट होती. तिच्याशिवाय यंत्रांनाही तो लागू पडला नसता.

ती गोष्ट म्हणजे पाणी. जुन्या इंग्रजीत 'रिनन' हे क्रियापद पायांनी धावणाऱ्या माणसालाही होतं आणि वाहत्या पाण्यालाही. जर्मन भाषेत या एका मुळाचे आज दोन शब्द उभे आहेत, 'रेनेन' म्हणजे धावणं आणि 'रिनेन' म्हणजे झिरपत वाहणं. इंग्रजीने मात्र दोन्ही कामं एकाच शब्दावर टाकली आणि तशीच ठेवली. म्हणून इंग्रजीत माणूस रन होतो तशी नदीही होते, सर्दीने नाक होतं, डोळ्यांतलं पाणी होतं, नळ उघडा राहिला तर तोही होतो. पेटत्या मेणबत्तीचं मेण होतं आणि धुवायला टाकलेल्या कपड्याचा रंगही होतो. आता हेच तुझ्या भाषेत म्हणून बघ. माणूस धावतो, नदी वाहते, नाक गळतं, मेण ओघळतं, कपड्याचा रंग जातो, ओल्या कागदावर शाई फुटते. इंग्रजी बोलणाऱ्याला जिथे एकच हालचाल दिसते, तिथे आपल्या लोकांनी प्रत्येक वेळी वेगळं क्रियापद वापरलं. तुझं वहीचं पान यामुळे भरलं. ते ठिकठिकाणचे वेगवेगळे मराठी शब्द म्हणजे 'रन'चे अर्थ नव्हेत. ती आपल्या भाषेची त्या त्या ठिकाणची सोय आहे.

पायाचं धावणं आणि पाण्याचं वाहणं, ही दोन टोकं मनात धर. मग बाकीचे बरेच अर्थ आपोआप जागेवर बसतात. पाण्याच्या वाहण्यात एक गुण असा की ते मध्येच थांबत नाही. या न थांबण्यावरून इंग्रजीने केवढं तरी बांधलं. भाडेकरार दोन वर्षं रन होतो. रस्ता नदीच्या कडेने रन होतो, म्हणजे लांबवर जातो. रस्ता काही हलत नाही, त्यावरून आपली नजर मात्र वाहत जाते. एखादा आजार घराण्यात रन होतो, पिढीमागून पिढी. नाटक रन होतं. अगाथा ख्रिस्तीचं 'द माउसट्रॅप' लंडनमध्ये २५ नोव्हेंबर १९५२ ला लागलं आणि कोविडच्या साथीत पडलेला खंड सोडला तर अजून चालू आहे. त्या सलग काळाला ते 'रन' म्हणतात. आपण मराठी माणसं नाटक किती काळ टिकलं हे विचारत नाही, प्रयोग किती झाले हे विचारतो. त्यांची नजर लांबीवर आहे, आपली मोजणीवर.

यंत्रांचं बघ. इंग्रजीत यंत्र धावतं, आपल्याकडे ते चालतं. घड्याळ चालतं, गिरणी चालते, दुकान चालतं, माणूस घर चालवतो. पुढे जाऊन एखादी गोष्ट मान्य असेल तर आपण 'चालेल' म्हणतो. फ्रेंचांचंही असंच आहे. त्यांचं 'मार्शे' हे क्रियापद पायी चालण्याचं. तेच यंत्राला लागतं आणि तेच 'चालेल' म्हणायलाही. पॅरिसचा माणूस आणि सांगलीचा माणूस या एका बाबतीत एकमेकांजवळ आहेत आणि इंग्रज दोघांपासून लांब. मला हे फार आवडतं. कुठलीही भाषा दुसरीपेक्षा बरोबर किंवा चूक नसते. प्रत्येकीने आपली पहिली पावलं वेगळ्या वाटेवर टाकलेली असतात. मात्र इंग्रजीने एक गोष्ट जास्तीची केली. धावणाऱ्या यंत्रावरून ती यंत्र धावायला लावणाऱ्यावर आली. ज्याच्यामुळे कारखाना रन होतो तो माणूस कारखाना रन करतो. तिथून शाळा, घर, सरकार, सगळंच माणसाला रन करता येऊ लागलं. तुझा भाऊ संगणकावर 'कोड रन केला' म्हणतो, ते याच ओळीतलं सगळ्यांत नवं टोक.

आता तू म्हणशील, की हे सगळं ऐकायला ठीक, पण इंग्रजांच्या मुलांना हे कसं जमतं? त्यांना ६४५ अर्थ कोणी पाठ करायला लावतं का? मी तुला तुझंच विचारतो. मराठीत 'लागणे' या क्रियापदाचे अर्थ किती? तुला भूक लागते, ठेच लागते, दार लागतं, आग लागते, दिवे लागतात, बारावीचा निकाल लागतो, एखाद्या गाण्याचा नाद लागतो, आंब्याच्या कलमाला फळ लागतं, विहिरीला पाणी लागतं, तिकिटाला पैसे लागतात, कारलं कडू लागतं, दुपारी जरा डोळा लागतो, गवयाचा सूर लागतो, नोकरीला लागतात, बाळ बोलायला लागतं, आणि नवा माणूस घरी आला की आजी विचारते हा आपला कोण लागतो. 'गाडी लागली' या दोनच शब्दांचा अर्थ स्टँडवर उभ्या माणसासाठी एक आणि आंबा घाटातल्या वळणांवर खिडकीशी बसलेल्यासाठी दुसराच. यातला एकही अर्थ तू पाठ केलेला नाहीस, आणि एकातही तुझी चूक होत नाही. मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशात (पहिली आवृत्ती १८३१, सुधारून वाढवलेली १८५७) ही नोंद काढून बघ. आपल्याच क्रियापदाने त्या परक्या माणसाला किती वाक्यं जमवायला लावली ते दिसेल. तुला 'रन' पाहून जे झालं, तेच त्याला 'लागणे' पाहून झालं असणार, आणि तोही वाक्यांच्या वाटेनेच त्यातून पार पडला.

भाषांतर करताना मराठी शब्द समोरच दिसला की माणूस बेसावध होतो, म्हणून बातम्यांतली दोन उदाहरणं देतो. 'बँकेवर रन' अशी तार यायची. ठेवीदारांना धास्ती बसते, सगळे एकदम आपले पैसे परत मागायला जातात आणि धडधाकट बँकही त्या मागणीखाली बसते. सप्टेंबर २००७ मध्ये ब्रिटनमध्ये नॉर्दर्न रॉक या बँकेच्या शाखांबाहेर अशा रांगा लागल्या. त्या देशात जवळपास दीडशे वर्षांत असं घडलं नव्हतं. नवशिक्या उपसंपादकाच्या हाती ही बातमी पडली तर तो सहज लिहील, 'ठेवीदारांची बँकेकडे धाव'. मराठी म्हणून वाक्य सुबक आहे, अर्थ मात्र उलटा झाला. आपल्याकडे धाव घेतात ती आसऱ्याला. शेतकरी न्यायालयात धाव घेतात, भक्त देवाचा धावा करतो. धाव घेणाऱ्याचा समोरच्यावर भरवसा असतो. बँकेवरची 'रन' तर भरवसा उडाल्यामुळे होते. तिथे 'पैसे काढायला झुंबड' हेच मराठी. मार्च २०२३ मध्ये अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅली बँकेतून लोकांनी एका दिवसात ४२ अब्ज डॉलर काढून घेण्याची मागणी केली, तीही बहुतेक घरबसल्या, फोनवरून आणि संगणकावरून. रस्त्यावर गर्दी दिसली नाही तरी इंग्रजीत ती 'रन'च राहिली. आपल्या 'झुंबड'ला मात्र डोळ्यांसमोर माणसं लागतात, म्हणून या बातमीला पुन्हा नवा शब्द शोधावा लागतो.

दुसरं उदाहरण निवडणुकीचं. अमेरिकेतला उमेदवार निवडणुकीसाठी रन होतो. ब्रिटनमधला उमेदवार स्टँड होतो, म्हणजे उभा राहतो. आपणही निवडणुकीला उभे राहतो. अमेरिकेत उपाध्यक्षपदाच्या उमेदवाराला 'रनिंग मेट' म्हणतात. तो शब्द घोड्यांच्या शर्यतीतून आला. मुख्य घोड्याला वेग धरायला मदत व्हावी म्हणून त्याच तबेल्यातला जोडीचा घोडा शर्यतीत उतरवत, तो रनिंग मेट. तिथल्या राजकारणाच्या बोलण्यात शर्यतीचं मैदान भरलेलं आहे, आपल्या बोलण्यात कुस्तीचं. आपला उमेदवार आखाड्यात उतरतो, शड्डू ठोकतो, प्रतिस्पर्ध्याला चितपट करतो. अशा वेळी धावण्याचं भाषांतर धावण्याने करून भागत नाही. ज्याचं त्याचं मैदान ओळखावं लागतं.

तुझ्या पत्रात 'रन'च्या मागे लागणाऱ्या बारक्या शब्दांची तक्रार जास्त आहे, आणि ती रास्त आहे. रन इनटू, रन आउट, रन ओव्हर, रन डाउन, रन अप. एकट्या 'रन इनटू'चे अर्थ बघ. गाडी झाडावर आदळली तरी रन इनटू, बाजारात जुनी मैत्रीण अचानक भेटली तरी रन इनटू, आणि लग्नाचा खर्च लाखांत गेला तरी तेच. इथे पुन्हा तुझ्याच भाषेचा आधार घे. 'धावून येणे' म्हणजे काय? मदतीला धावून येणारा आणि अंगावर धावून येणारा, दोघांचं क्रियापद अक्षर न अक्षर सारखं. फरक केला पुढच्या एका शब्दाने. आपण क्रियापदाच्या आधी शब्द ठेवून अर्थ वळवतो, ते मागे ठेवून वळवतात. म्हणून 'रन' वेगळा आणि 'इनटू' वेगळा असं वाचायची सवय मोड. डोळ्याने दोन्ही एकदम उचल, आणि समोर झाड आहे, मैत्रीण आहे की आकडा आहे तेही त्याच झपाट्यात बघ. 'इनटू'नंतर रक्कम आली की निम्मं काम झालंच म्हणून समज.

क्रिकेटबद्दल लिहिलं नाही तर तू रागावशील. खेळाच्या सुरुवातीच्या काळात गुण मोजणारा माणूस काठीवर सुरीने खाचा पाडायचा, म्हणून त्या गुणाला 'नॉच', म्हणजे खाच, असंच म्हणत. पुढे तो मान धावण्याला मिळाला. आता गंमत बघ, फलंदाजाने चेंडू सीमेपार धाडला की दोघेही खेळाडू उभे राहतात आणि फलकावर चार धावा चढतात. शब्द कृतीतून निघाला आणि कृती सुटली तरी मोजमाप होऊन राहिला. बाळ ज. पंडित आकाशवाणीवरून मराठीत सामन्याचं वर्णन करायचे, ते ऐकत आमची पिढी वाढली. 'धावबाद', 'धावफलक', 'निर्धाव षटक' हे शब्द कानांना पहिल्या दिवसापासून मराठीच वाटले. ते तसे वाटले याचं कारण 'धाव' या शब्दात आधीपासून बराच ताण सोसायची ताकद होती. तुझ्या पणजीला विचारता आलं असतं तर तिने तुला धावदोरा दाखवला असता, कापडात सुई वरखाली करत सरळ पुढे नेलेली शिवण. तिला इंग्रजीतही 'रनिंग स्टिच' म्हणतात. बैलगाडीच्या लाकडी चाकावर तापवून चढवलेली लोखंडी पट्टी ती धाव. मोटेच्या विहिरीवर बैल ज्या उतारावरून पुढेमागे करायचे तीही धाव. चाकाची धाव आणि विहिरीची धाव यांत इंग्रजीच्या मदतीचा काही संबंध नाही. आपल्या माणसांनी आपल्या शब्दाला आपल्या कामापुरतं वाढवलं. मोटा गेल्या, आता पंप आहेत, आणि त्या 'धावे'बरोबर शब्दाचा एक अर्थही शेतातून उठून कोशात गेला. याची हळहळ मला वाटते.

जुने अर्थ असे जात असताना परक्या 'रन'ने आपल्याकडे नवी घरं केली आहेत, आणि कॉलेजच्या पुस्तकात त्यांची नोंद तुला मिळणार नाही. तुमच्या घराचं काम चालू आहे ना? सुतार ओट्याखालच्या कपाटाचा भाव 'रनिंग फुटा'वर सांगेल. रुंदी धरायची नाही, फक्त लांबी मोजायची, असा त्याचा अर्थ. आणि लांब पसरलेल्या रस्त्यालाही इंग्रजी 'रन' लावते हे मी वर लिहिलंच आहे, ते इथे कामाला येतं. ठेकेदार काम पुरं होण्याआधी वेळोवेळी देतो ते 'रनिंग बिल'. जुनी मोटारसायकल घेणारा पहिला प्रश्न करतो, 'रनिंग किती झालंय?' रेल्वेत गाडी चालवणाऱ्यांच्या विश्रांतीच्या खोलीला 'रनिंग रूम' म्हणतात, आणि मुंबईत लोकल थांबायच्या आत चढणाऱ्याने 'रनिंग' पकडलेली असते. सुतार, ठेकेदार, मेकॅनिक, मोटरमन, यातल्या कुणीही वहीत यादी केली नव्हती. कामाच्या जागी, कामाच्या वाक्यात तो शब्द त्यांच्या कानावर पडला आणि नेमका कळला. त्यांच्याइतका अचूक 'रन' वापरणारे पदवीधर मी थोडेच पाहिले.

सॅम्युएल जॉन्सन यांनी १७५५ मध्ये एकहाती म्हणावा असा इंग्रजी कोश काढला. त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी ज्या क्रियापदांनी आपला सर्वांत जास्त घाम काढला त्यांची नावं दिली आहेत. त्यांत 'रन' आहे, 'गेट' आहे, 'पुट' आहे, 'सेट' आहे. बोलणाऱ्या माणसांच्या तोंडी हे शब्द तासातासाला जागा बदलत असतात, त्यांना कोशात बांधून ठेवता येत नाही, अशा आशयाचं त्यांनी लिहिलं. त्यानंतर अडीचशे वर्षांनी गिलिव्हर यांना नऊ महिने लागले, यावरून जॉन्सन किती बरोबर होते ते कळतं. १९३० मध्ये सी. के. ऑग्डेन या पंडिताने जगासाठी ८५० शब्दांची सोपी इंग्रजी काढली आणि क्रियापदं फक्त अठरा ठेवली. कम, गेट, गिव्ह, गो, मेक, पुट, टेक अशी. बाकी सगळं या क्रियापदांना बारके शब्द जोडून म्हणायचं. कागदावर ही भाषा फार लहान दिसते. पण परक्या माणसाला छळतात ते नेमके हेच शब्द; मोठे शब्द काढून टाकून त्याचा भार हलका होत नाही. स्पर्धा परीक्षांच्या शिकवण्यांत मुलांकडून अवघड शब्दांच्या याद्या घोकून घेतात, तेव्हा मला वाईट वाटतं. ते शब्द त्या मुलांना वर्षातून एकदा भेटणार आणि 'रन' रोज, पानोपानी.

तुला कोश घ्यायचाच असेल तर दोन सुचवतो. ए. एस. हॉर्न्बी जपानमध्ये इंग्रजी शिकवत होते. परक्या मुलांना वाक्य कसं बांधायचं ते कळावं म्हणून त्यांनी सहकाऱ्यांबरोबर एक कोश केला. तो १९४२ मध्ये टोकियोत छापला आणि पुढे ऑक्सफर्डने घेतला. आजही तो विद्यार्थ्यांच्या हाती असतो. दुसरा 'कोबिल्ड', १९८७ चा. बर्मिंगहॅमच्या जॉन सिंक्लेअर यांनी संगणकात खऱ्याखुऱ्या लिखाणाची प्रचंड साठवण करून तो केला. त्यात अर्थ तुटक शब्दांत देत नाहीत, पुऱ्या वाक्यात देतात. कोण रन करतो आणि काय रन करतो ते त्या वाक्यातच कळतं. माझं मत विचारशील तर आधी कोबिल्ड घे. मराठी अर्थ देणारा कोश टाकून दे असं मात्र मी म्हणणार नाही. अडलं तर तो जरूर उघड, पण वाक्य वाचून स्वतःचा अंदाज बांधल्यावर.

वही फाडू नकोस. ते पान उलट आणि डाव्या बाजूला मराठी अर्थाऐवजी तुला भेटलेलं वाक्य लिही, पुस्तकाच्या नावासकट. आठ-दहा वाक्यं जमली की ती पुढ्यात घेऊन मरींच्या माणसांसारखे गट पाड. पायाच्या धावण्याजवळचं कुठलं, पाण्याच्या वाहण्याजवळचं कुठलं, न थांबण्यावर उभं असलेलं कुठलं. एखादं कुठेच बसलं नाही तर ते मला पाठव. बायकांच्या पायमोज्याची वीण एका जागी सुटली आणि उभी चीर गेली तर अमेरिकेत तिला 'रन' म्हणतात. ते कुठल्या गटात टाकशील ते मला वाचायला आवडेल.

एक काम मात्र तुझ्याकडूनच होईल. समुद्रातले सामन मासे अंडी घालायला नदीत वर चढतात, त्या झुंडीच्या प्रवासाला इंग्रजीत 'रन' म्हणतात. आपल्याकडे पहिल्या पावसात ओढ्यांना पाणी आलं की मासे असेच उलटे वर येतात. तुमच्या बाजूला त्यांना 'चढणीचे मासे' म्हणतात ना? रायगडकडे त्या चढण्याला 'वलगण' असा स्वतंत्र शब्दच आहे. तुमच्या गावात आणखी काही म्हणत असतील, माशाच्या जातीनुसार किंवा पाण्याच्या रंगानुसार. पेरणीला येणारे म्हातारे लोक अजून आहेत तोवर विचारून घे. शब्द सुटा लिहू नकोस, ते ज्या वाक्यात म्हणाले ते वाक्य लिही, आणि पावसाळा संपायच्या आत पाठव.

आईबाबांना नमस्कार सांग.

तुझा,
नानाआजोबा